इंजिनाचा इशारा-दिवा लागतो आणि विझतो : दोष शोधायचा कसा?

लखनौ : रायबरेली मार्गालगत उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने वसविलेली वृंदावन योजना ही राजधानीतील एक मोठी निवासी वसाहत आहे. २०२० चे संरक्षण प्रदर्शन आणि २०२३ ची जागतिक गुंतवणूकदार परिषद याच परिसरात भरली होती. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था येथून जवळ आहे, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी शहीद पथ हाताशी आहे. त्यामुळे येथील मोटारींना दोन प्रकारची धाव घडते. एक म्हणजे इंजिन पुरते तापण्याआधीच संपणारी दोन-तीन किलोमीटरची फेरी आणि दुसरी म्हणजे द्रुतमार्गावरील सलग प्रवास. एका प्रकारच्या धावेत दिसणारा दोष दुसऱ्या प्रकारात दिसेलच असे नाही. इंजिनाचा पिवळा इशारा-दिवा दोन दिवस लागतो, तिसऱ्या दिवशी आपोआप विझतो आणि गॅरेजमध्ये नेल्यावर ‘गाडीत काहीच दिसत नाही’ असे उत्तर मिळते. देशभरातील अनेक वाहनधारकांचा हाच अनुभव आहे.

दिवा विझला म्हणजे दोष गेला असा समज करून घेणे महागात पडू शकते. न तपासता एकामागून एक सुटे भाग बदलत राहणेही तितकेच खर्चिक असते. या दोहोंच्या मधला मार्ग क्रमवार तपासणीचा आहे.

दिवा कोणासाठी?

हा दिवा मुळात प्रदूषण-नियंत्रणासाठी आला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीतच दोष ओळखणारी यंत्रणा बंधनकारक केली. तिची सुधारित आवृत्ती, म्हणजे ओबीडी-२, १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. भारतात एप्रिल २०१० मध्ये भारत टप्पा-४ ची मानके प्रथम ज्या १३ शहरांत आली, त्यांत लखनौसह मुंबई, पुणे आणि सोलापूर यांचा समावेश होता. त्याच वेळी ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. एप्रिल २०२० पासून भारत टप्पा-६ आणि एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा अमलात आल्यावर यंत्रणेची नजर अधिक बारीक झाली.

धुरातून बाहेर पडणारे प्रदूषण वाढू शकेल असा बिघाड आढळला की इंजिनाचा संगणक त्याची सांकेतिक नोंद करतो. बहुतेक दोषांच्या बाबतीत एकदाच आढळलेला दोष ‘प्रलंबित’ ठेवला जातो आणि पुढील फेरीतही तो आढळला तरच दिवा लागतो. त्यानंतर सामान्यतः सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा विझतो. नोंद मात्र लगेच पुसली जात नाही. इंजिन थंड अवस्थेतून तापण्याची सुमारे ४० आवर्तने निर्दोष पार पडेपर्यंत ती स्मृतीत राहते. म्हणूनच दिवा विझलेला असतानाही तपासणी उपयोगी ठरते.

थांबायचे की चालवायचे?

दिवा स्थिर पिवळा असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येते. तोच दिवा लुकलुकत असेल तर अर्थ वेगळा होतो. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसून ते न जळताच धुराच्या मार्गात जात असल्याचा, म्हणजे गंभीर मिसफायरचा तो इशारा असतो. असे इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला अतितप्त करते आणि एरवी स्पार्क प्लग किंवा कॉइलपुरता मर्यादित राहिला असता असा खर्च अनेक पटींनी वाढतो. अशा वेळी वेग कमी करून सुरक्षित जागी गाडी थांबवावी. तेलाच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यास तर इंजिन त्वरित बंद करणेच इष्ट.

पहिले साधन : वही

अधूनमधून दिसणाऱ्या दोषाचा सर्वांत चांगला साक्षीदार चालक असतो. दिवा लागला तेव्हा इंजिन थंड होते की गरम, वेग किती होता, पाऊस किंवा धुके होते का, वातानुकूलन चालू होते का, टाकीत इंधन किती होते आणि ते नुकतेच भरले होते का, या गोष्टी त्याच दिवशी टिपून ठेवाव्यात. केवळ पावसात उद्भवणारा दोष ओलावा शिरलेल्या कॉइलकडे किंवा कनेक्टरकडे बोट दाखवतो. गाडी तापल्यावरच येणारा दोष उष्णतेने प्रसरण पावणाऱ्या सेन्सरकडे किंवा सैल जोडणीकडे निर्देश करतो.

इंधनाच्या टाकीचे झाकण घट्ट करण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो अमेरिकी नियमांतून आला आहे. तेथे इंधनाच्या वाफेची गळती तपासणे सक्तीचे आहे. भारतीय मानके युरोपीय धर्तीवर असल्याने येथील अनेक गाड्यांत ती तपासणी नसते. झाकण पाहून घ्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये.

कोड म्हणजे निदान नव्हे

स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस बहुधा १६ पिनांची जोडणी असते. तिला स्कॅनर लावला की कोड वाचता येतात. मोबाइलशी जोडली जाणारी साधी उपकरणेही प्राथमिक वाचनास पुरेशी असतात. येथे एक चूक टाळायला हवी. कोड पुसण्याआधी तो आणि त्यासोबतची ‘फ्रीज फ्रेम’ उतरवून घ्यावी. दोष घडला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार या नोंदी तीत असतात. कोड पुसला की हा पुरावा नाहीसा होतो.

कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा अधिक आहे. त्याचे मूळ फुटलेल्या हवेच्या नळीत, मळलेल्या हवाप्रवाह सेन्सरमध्ये किंवा अशक्त इंधन पंपात असू शकते. ‘पी०४२०’ कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे दर्शवतो, परंतु धुराच्या नळीतील लहानशी गळतीही तोच कोड उमटवू शकते. नवा कन्व्हर्टर बसविण्यापूर्वी ती शक्यता निकालात काढली पाहिजे.

अदलाबदलीची चाचणी सोपी आणि निर्णायक असते. ‘पी०३०२’ हा कोड दुसऱ्या सिलिंडरमधील मिसफायर सांगतो. इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी. पुढे कोड ‘पी०३०३’ झाला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच सदोष आहे. कोड तोच राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग किंवा सिलिंडरमधील दाब तपासावा.

अस्थिर दोषांत वायरिंगचा वाटा मोठा असतो. गंजलेली अर्थिंग, सैल कनेक्टर, धातूला घासून सोललेली किंवा उंदरांनी कुरतडलेली तार ही नेहमीची कारणे होत. इंजिन चालू ठेवून स्कॅनरवरील आकडे पाहत तारांचे जुडगे हळूच हलवले असता आकडा उसळला, तर जागा सापडते. बॅटरीही तपासावी. पूर्ण भारित आणि विसावलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सुरू करताना दाब फार खाली गेल्यास एकमेकांशी संबंध नसलेले अनेक कोड एकदम उमटतात.

डिझेल गाड्यांची अडचण निराळी आहे. भारत टप्पा-६ च्या गाड्यांतील काजळी-गाळणी स्वच्छ होण्यासाठी धुराचे तापमान बरेच वाढावे लागते. केवळ छोट्या फेऱ्यांत ते साधत नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या मार्गावर सलग वेगाने चालवल्यास ही स्वच्छता पूर्ण होऊ शकते.

दुरुस्तीनंतरची कसोटी

पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणून दिवा दुर्लक्षित करता येत नाही. पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर होते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजते. शहीद पथावर चढताना भाराखाली घडणारा मिसफायर तिच्या नजरेतून सहज सुटू शकतो.

दुरुस्ती झाल्यावर फ्रीज फ्रेममध्ये नोंदलेल्या परिस्थितीतच गाडी चालवून पाहावी आणि प्रलंबित कोड पुन्हा वाचावेत. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. नुकताच कोड पुसलेल्या गाडीत दिवा दिसत नाही, पण स्कॅनरवर अंतर्गत चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. व्यवहारापूर्वी हे पाहून घेणे हिताचे असते.