विणकामाच्या सुया आणि खुनाचा शोध

रात्रीं जेवणें आटोपलीं, निरवानिरव झाली, आणि घरांतील सुविद्य गृहिणी दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसली, तर तें पुष्कळदां एखाद्या खुनाचें निघतें! पायाखालीं मुंगी आली तरी हळहळणारीं माणसें विषप्रयोगाच्या हकीकती इतक्या स्वस्थ चित्तानें कशीं वाचतात? ‘केवळ करमणूक’ असें म्हणून वाचकांनीं हा प्रश्न टाळूं नये.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड यांनीं हजारों वाचकांस वेड लाविलें. परंतु तसल्या धाडसी वीरांचें आपण कौतुक करावें. त्यांच्या पंक्तीस बसण्याची आशा धरूं नये. इंग्लंडांतील अगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांनीं मात्र शोधाचें काम एका पांढऱ्या केसांच्या अविवाहित वृद्धेवर सोंपविलें. मिस् मार्पल या बाई १९२७ सालीं एका लघुकथेंत प्रथम अवतरल्या, आणि पुढें बारा कादंबऱ्यांत त्यांनीं आपली करामत दाखविली. त्यांच्याजवळ ना पिस्तूल, ना अधिकारपत्र. सेंट मेरी मीड नांवाचें खेडें, बागेंतील फुलझाडें आणि हातांतील विणकाम, एवढाच त्यांचा संसार!

मग खुनी सांपडतो कसा? मार्पलबाईंचें सारें शास्त्र ‘शितावरून भाताची परीक्षा’ या आपल्या म्हणींत सामावलें आहे. ‘द बॉडी इन द लायब्ररी’ (१९४२) मध्यें एका सद्गृहस्थाच्या घरीं, पुस्तकांच्या खोलींत, अनोळखी तरुणीचें प्रेत सांपडतें. इतर सारे चक्रावतात. मार्पलबाईंना मात्र आठवतो गांवांतील एक वांड मुलगा. नव्या शिक्षिका घड्याळास किल्ली देण्यास गेल्या, तों त्यानें आंत ठेविलेल्या बेडकानें बाहेर उडी मारली होती! मनुष्यस्वभाव राजवाड्यांत व खेड्यांत एकच, ही त्यांची खूणगांठ. जन्मभर चार घरांचें येणेंजाणें डोळसपणें पाहिलेल्या बाईचें ज्ञान हें ज्ञानच आहे, असें या कथा सांगतात. आणि ज्या आजीबाईंचें बोलणें घरांत कोणी मनावर घेत नाहीं, त्यांचा मान राखतात. त्यांच्या गोडीचें हें पहिलें कारण.

येथें कोणी म्हणेल, ही तर शेजाऱ्यांच्या घरांत डोकावण्याची खोड! आक्षेप अगदींच खोटा नाहीं. ‘द मूव्हिंग फिंगर’ (१९४२) या कादंबरींत एका लहान गांवांत घरोघर निनावी पत्रें येऊं लागतात, आणि त्यांचें विष साऱ्या गांवांत भिनतें. डोळे तेच, जीभ तीच, फरक हेतूचा. चहाडखोरास संशय पुरतो, मार्पलबाईंना सत्य हवें असतें. ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ (१९३२) या संग्रहांतील एका कथेंत चौघांवर संशय असतो. खरा अपराधी न सांपडला, तर उरलेल्या तिघां निरपराध्यांच्या माथीं तें किटाळ जन्मभर राहणार, हीच तेथें खरी टोंचणी आहे. शेवटच्या पानावर आपणांस जें समाधान लाभतें, तें फांसाचें नव्हे. निर्दोष माणसें मोकळीं झालीं, याचें असतें.

मात्र असें गांव टिकलें नाहीं, हें लेखिकेसही ठाऊक होतें. ‘ए मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०) मध्यें दुसऱ्या महायुद्धानंतरचें खेडें आहे. पूर्वी नवें बिऱ्हाड कोणाच्या तरी ओळखीचें पत्र घेऊन येई. आतां ज्यानें त्यानें सांगावी तीच त्याची ओळख, अशी तेथें मार्पलबाईंची खंत आहे. आज पुण्यामुंबईच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांस ती आपलीच वाटेल. दारावरील पाटी वाचतां येते, आंतील माणूस नव्हे. म्हणूनच कीं काय, जेथें दूधवाल्यापासून धर्मोपदेशकापर्यंत प्रत्येकास सारे ओळखतात, त्या कल्पित खेड्याकडे मन ओढ घेतें, मग तेथें खून कां होईना!

पुस्तक मिटल्यावर वाचकांनीं एवढेंच करावें: शेजारच्या दारीं दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच राहिली, तर ती आपल्या ध्यानीं यावी, आणि आपण दार ठोठवावें. चौकसपणास आपुलकीची जोड मिळाली, कीं प्रत्येक आळींत एक मार्पलबाई सांपडेल.