रस्ता सुकला, तळमजल्याचं काय?

सोमवारी, 26 मे 2025 रोजी, मुंबईत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. नेहमी 11 जूनच्या आसपास येणारा मान्सून पंधरवडाभर आधीच आला. कुलाब्यात मे महिन्यातल्या पावसाचा 1918 सालचा विक्रम मोडला आणि नुकत्याच सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात गढूळ पाणी शिरलं. आठवडाभर चर्चा त्या स्थानकाचीच चालली. मला मात्र तिथून फार लांब नसलेल्या हिंदमाता, परळ, नायगावच्या तळमजल्यांबद्दल लिहायचं आहे. तिथे पाणी वर्षानुवर्षं शिरतं, आणि त्याची मोजदाद कुठेच होत नाही.

हिंदमाता बशीसारखा खोलगट आहे, हे महापालिकेचे अभियंतेही सांगतात. आजूबाजूच्या चढावरचं पाणी तिथे उतरतं आणि तिथून दूरवरच्या रे रोडच्या ब्रिटानिया उदंचन केंद्राकडे जातं. वाटेतल्या पर्जन्यवाहिन्या इंग्रजी अमदानीतल्या, तासाला 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेल्या. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हा हिशेब कायमचा कोलमडला. त्याच्या आधी, 1993 मध्येच, पर्जन्यजलाच्या निचऱ्यावरच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता दुप्पट करायला सांगितलं होतं. बारा वर्षं तो अहवाल बहुतांशी कागदावर राहिला.

त्यात भरतीची अडचण आहेच. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी 186 मुखं आहेत. त्यातली 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, 135 भरतीच्या पातळीच्या खाली; भरतीच्या वर असलेली फक्त सहा. म्हणजे मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की पाणी उपसूनच बाहेर काढावं लागतं. त्यासाठी उदंचन केंद्रं झाली, परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवण्याच्या टाक्या झाल्या. या कामाला मी नावं ठेवणार नाही. पूर्वी दिवसभर कंबरभर राहणारं पाणी आता बहुतेक वेळा काही तासांत ओसरतं. पण 26 मेला पंप वेळेवर पूर्ण ताकदीने चाललेच नाहीत, म्हणून हिंदमाता, गांधी मार्केटसह चार ठिकाणच्या कंत्राटदारांना प्रत्येकी दहा लाखांचा दंड झाला. यंत्रणा उभारली तरी ती मे महिन्यात सज्ज ठेवायची सवय तोवर लागलेली नव्हती.

माझा खरा मुद्दा रस्त्याच्या उंचीचा आहे. हिंदमाता आणि परळ या दोन उड्डाणपुलांमधला रस्ता काही वर्षांपूर्वी उंच केला गेला. आता पावसातही गाड्या वरून निघून जातात. खालचा रस्ता, दुकानं आणि चाळी मात्र होत्या तिथेच आहेत. हाच प्रकार गल्लीबोळांत गुपचूप होतो. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवला की रस्ता दोन-चार इंच वर येतो, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की जोत्याच्या पायऱ्या नाहीशा होतात. जी खोली कधीकाळी रस्त्यापासून तीन पायऱ्या वर होती, तिच्यात आता एक पायरी उतरून जावं लागतं. 2025 मध्ये शहरभर काँक्रिटीकरण सुरू होतं, ते 31 मेपर्यंत आटोपायची घाई होती. या घाईत किती गल्ल्यांत आधी जोत्याची पातळी घेतली गेली?

तळमजल्यावरचं घर पाहिलं म्हणजे हे समजतं. उंबऱ्यापुढे वीतभर उंचीचा सिमेंटचा बांध. फ्रिज लोखंडी घोडीवर, विजेचा बोर्ड छातीच्या उंचीवर, धान्याचे डबे आणि रेशनकार्ड पोटमाळ्यावर. बांधाने रस्त्यावरचं पाणी अडतं, पण मोरीतून येणारं कसं अडवणार? गटाराची वाहिनी तुडुंब भरली की मैलापाणी उलटं मोरीत चढतं. मग जाळीवर गोणपाट कोंबायचं, त्यावर पाटा ठेवायचा, पाट्यावर वरवंटा. वाहिनीला एकमार्गी झडप बसवली तर हे टळतं. ती खर्चिकही नाही. पण वाहिनी चाळीच्या मालकाची की पालिकेची, या वादात ती बसत नाही.

पाणी ओसरल्यावरही त्रास संपत नाही. दक्षिण मुंबईतल्या हजारो उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती 1969 पूर्वीच्या आहेत. अनेकींच्या भिंती विटाचुन्याच्या, तुळया लाकडी. पायाशी दर पावसाळ्यात ओल मुरली की तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं कुजत जातात, वर वाऱ्याचा मारा. 5 ऑगस्ट 2020 रोजी कुलाब्यात वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटर ओलांडले होते. 2025 मध्ये म्हाडा या गृहनिर्माण प्राधिकरणाने अशा 96 इमारती अतिधोकादायक ठरवल्या. तिथल्या माणसांना घरं सोडायला सांगणं बरोबरच आहे, पण संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं तिथेच म्हातारी झाल्याचं सगळ्या गिरणगावाला माहीत आहे. म्हणून लोक नोटीस भिंतीला चिकटवून आतच राहतात. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

2005 च्या महापुरानंतर डॉ. माधव चितळे यांच्या समितीने शहराच्या उंचसखलपणाचे बारीक तपशिलाचे नकाशे हवेत, असं सांगितलं होतं. पाणी कुठून कुठे उतरतं हे समजल्याशिवाय नाला रुंद करून भागत नाही, हा त्यांचा आग्रह मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. त्या नकाशांत रस्त्याशेजारच्या जोत्यांची उंचीही असावी. रस्त्याच्या कंत्राटात आधीची आणि नंतरची पातळी लिहावी आणि विभाग कार्यालयाने ती गल्लीत फलकावर लावावी. रस्ता जोत्याच्या वर गेला तर बिल थांबवावं. आणि पाण्याचा निचरा किती मिनिटांत झाला हे सांगताना रस्त्यावरच्या मिनिटांसोबत किती खोल्यांत पाणी शिरलं आणि ते किती वेळ राहिलं, हेही पालिकेने दर पावसानंतर जाहीर करावं.