‘डिफायंट’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ व उपयोग

काही वर्षांपूर्वी एका शाळेची तपासणी करीत असता सातवीच्या वर्णनात्मक नोंदींच्या वहीत एका मुलीच्या नावापुढे एकच शब्द लिहिलेला माझ्या दृष्टीस पडला : ‘डिफायंट’. इतर साऱ्या नोंदी मराठीत होत्या. हीच तेवढी इंग्रजीत. अर्थ विचारता वर्गशिक्षक म्हणाले, “साहेब, म्हणजे उद्धट.” अधिक चौकशी करता असे कळले की, वर्ग झाडण्याची पाळी नेहमी मुलींवरच का येते, असे तिने विचारले होते, आणि मुलांची पाळी लागेपर्यंत आपण झाडणार नाही, असे गुरुजींसमोर उभे राहून सांगितले होते. “आवाज चढविला होता काय?” “नाही.” “अपशब्द?” “नाही, तसे काही नाही.” गुरुजींनी योजलेला शब्द अगदी बरोबर होता, त्यांच्या मनातील अर्थ तेवढा चुकला होता.

इ. स. २००० पासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे असे शब्द आता प्राथमिक शिक्षकांच्या लेखणीत सहज येतात. म्हणून या एका विशेषणाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे उपयुक्त ठरेल.

प्रथम उच्चार. हा शब्द डि–फाय्–अंट असा तीन तुकड्यांत बोलावा आणि जोर मधल्या ‘फाय्’वर द्यावा. ‘नक्की’ या अर्थाचा ‘डेफिनिटली’ हा शब्द लिहिताना विद्यार्थी अक्षरांची उलटापालट करून ‘डिफायंटली’ लिहून बसतात. मग ‘मी नक्की येईन’ याचे ‘मी कोणालाही न जुमानता येईन’ असे होते! ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्याही हातून ही चूक होते, तेव्हा मुलांना त्याबद्दल फार रागावू नये.

शब्दाचे मूळ मोठे बोधक आहे. लॅटिनमध्ये ‘फिडेस’ म्हणजे निष्ठा, विश्वास. मध्ययुगीन युरोपात सरदार आपल्या धन्याशी निष्ठेच्या शपथेने बांधलेला असे. ती शपथ आपण यापुढे पाळणार नाही, असे उघड कळविणे, ही ‘डिफाय’ या क्रियापदाची जुनी अर्थच्छटा होय. रात्री गुपचूप निघून जाणाऱ्याला हा शब्द लागू पडत नसे. उघडपणा हा या शब्दाचा प्राण आहे आणि तो आजही टिकून आहे. गृहपाठ न करता वही दप्तरात लपविणारा मुलगा ‘डिसओबीडियंट’, म्हणजे आज्ञा न पाळणारा, खरा; पण तो ‘डिफायंट’ नव्हे.

याच लॅटिन मुळापासून ‘डिफिडंट’ हा शब्दही आला आहे. त्याचा अर्थ स्वतःवर विश्वास नसलेला, भिडस्त. दोन शब्द सख्खे भाऊ. पण स्वभाव अगदी उलट! वर्गात मात्र या दोहोंची गल्लत वारंवार होते. प्रश्न विचारला असता काही न बोलता मान खाली घालून उभे राहणारे मूल आपणास हेकट वाटते आणि आपण त्याच्यावर चिडतो. त्याला बहुधा उत्तर चुकण्याची भीती वाटत असते. म्हणजे ‘डिफिडंट’ मुलाला आपण ‘डिफायंट’ ठरवून मोकळे होतो.

मराठीत यास प्रतिशब्द कोणता? ‘उद्धट’ हा बोलण्याच्या रीतीचा दोष झाला. ‘हट्टी’ माणसाला समोर विरोधक असावाच लागतो असे नाही. ‘बाणेदार’ जवळचा खरा, पण त्यात केवळ स्तुती आहे. माझ्या मते ‘न जुमानणारा’ हाच सर्वांत जवळचा. वाक्यात ‘न जुमानता’ असे योजले की, ‘इन डिफायन्स ऑफ’ या शब्दसमूहाचे काम चोख होते. ‘डिफायंट लुक’ यास मात्र ‘खाली न वळलेली नजर’ असेच म्हणावे लागेल.

मूळ इंग्रजी शब्दात निंदाही नाही आणि स्तुतीही नाही. ती प्रसंगावरून ठरते. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत ‘डिफायन्स’ नावाची एक ब्रिटिश युद्धनौका होती, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या एका लढाऊ विमानाचे नाव ‘डिफायंट’ होते. ‘उद्धट’ असे नाव कोणी आपल्या जहाजाला देईल काय? लहानपणी शेंगांची टरफले उचलण्यास नकार देणाऱ्या टिळकांची गोष्ट आपण वर्गात कौतुकाने सांगतो. त्या बालकाचे इंग्रजीत वर्णन करावयाचे झाल्यास हेच विशेषण योजावे लागेल.

हा शब्द सौजन्याच्या आड येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. १९३० साली मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी गांधीजींनी २ मार्च रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांस पत्र लिहून आपला बेत आगाऊ कळविला होता. पत्राची भाषा मित्रभावाची, पण निश्चय तिळभरही ढळलेला नाही.

आणखी एक बारकावा. जुमानायचे नाही ते कोणास? माणसास, कायद्यास, की रूढीस? महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे ठरावाने सर्वांस खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथे पाणी प्याले, ते नगरपालिकेचा कोणताही नियम मोडून नव्हे, तर रूढीला न जुमानता. ‘डिफायंट ऑफ’ असे लिहिले की, पुढे कोणता शब्द येतो याचा शोध विद्यार्थ्यांकडून अवश्य घ्यावा.

व्याकरणाविषयी फारसे सांगावयास नको. विशेषण नामापूर्वी येते. तसेच ‘ही रिमेन्ड डिफायंट’ असे क्रियापदानंतरही येते. ‘डिफाय’चा कर्ता निर्जीवही असू शकतो : एखादे दृश्य वर्णनाला ‘डिफाय’ करते, म्हणजे ते अवर्णनीय असते.

त्या दिवशी हे सारे बोलणे झाल्यावर गुरुजींनी तो शब्द खोडला आणि बराच वेळ विचार करून ‘आपले म्हणणे सर्वांसमोर निर्भयपणे मांडते’ असे लिहिले. मग थोडे कुरकुरत ते म्हणाले, “साहेब, असे लिहिले तर बाकीच्या मुलीही विचारू लागतील.” मी म्हटले, “त्या विचारण्याआधीच पाळ्यांचा तक्ता बदलून ठेवा.” त्यांनी तो बदलला. मुलांना झाडता येत नाही, हे मात्र त्यांनी मला पुढच्या तपासणीत आवर्जून दाखविले.