परमिशन डिनाइड, पण का?

रात्रीचे साडेदहा वाजलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला प्रोजेक्टचा रिव्ह्यू, आणि आमचा सगळा कोड लॅबच्या सर्व्हरवर. दिवाळीच्या सुट्टीत त्या सर्व्हरची उबुंटू २०.०४ वरून २२.०४ झाली होती. पार्टनर समोरच्या खोलीतून ओरडला, "अरे, मला आत घेतच नाहीये!" त्याच्या विंडोज लॅपटॉपवर पुट्टी सांगत होती, 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की'. मी मात्र माझ्या लिनक्स लॅपटॉपवरून त्याच खात्यात आरामात बसलो होतो.

मग मी डोकं चालवलं. परमिशनचा घोळ आहे ना, मग देऊन टाकू परमिशन! आमच्या होम फोल्डरवर थेट सीएचमॉड ७७७ मारलं, तेही आतल्या सगळ्या फायलींसकट. म्हणजे वाचा, लिहा, चालवा, सगळ्यांना सगळं मोकळं. "आता बघ." तरी त्याचं नाहीच. मी लॉगआउट करून परत आत जायला गेलो, तर उत्तर आलं 'परमिशन डिनाइड', आणि पुढं कंसात 'पब्लिककी'. आधी एक बाहेर होता, आता दोघंही बाहेर. पासवर्डनं लॉगिन त्या सर्व्हरवर बंदच होतं आणि लॅबला नऊलाच कुलूप लागलेलं. त्या रात्री झोप कशी लागली असेल ते विचारू नका.

मित्रांनो, या एसएसएचची एक खोड लक्षात ठेवा. दार उघडलं नाही तर का उघडलं नाही हे ते बाहेरच्या माणसाला जवळजवळ सांगतच नाही, आणि हे मुद्दाम आहे. "नाव बरोबर आहे, फक्त किल्ली चुकली" एवढं जरी सांगितलं तरी चोराचं अर्धं काम झालं. खरं कारण सर्व्हर स्वतःच्या वहीत लिहितो. उबुंटूवर ही वही म्हणजे व्हार-लॉग फोल्डरमधली ऑथ-लॉग नावाची फाइल. ती साध्या खात्यातून वाचता येत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे अधिकार आहेत त्यांच्याच हातापाया पडावं लागतं. सकाळी पावणेनऊला लॅब असिस्टंट काका आले, कन्सोलवर बसले आणि वही उघडली. दोघांचा एरर जवळपास सारखा, पण कारणं पार वेगळी निघाली.

माझं कारण होतं 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स'. म्हणजे मीच केलेला उद्योग! कोणत्या किल्लीला आत घ्यायचं याची यादी ऑथोराइज्ड-कीज या फाइलमध्ये असते. त्या फाइलवर दुसरं कुणी लिहू शकत असेल, तर तो आपली किल्ली यादीत घुसवून तुमच्या नावानं आत येईल. म्हणून सर्व्हर अशा यादीवर विश्वासच ठेवत नाही. दार जितकं सताड उघडावं तितकं ते बंद होतं, असा हा उलटा न्याय. काकांनी फाइलला ६०० दिलं, तरी मी बाहेरच. वहीत नवी ओळ आली, या वेळी डॉट-एसएसएच फोल्डरबद्दल. त्याला ७०० दिलं. मग होम फोल्डरबद्दल तक्रार. त्याला ७५० दिलं आणि मी आत. सर्व्हर फाइलपासून होमपर्यंत एकेक पायरी वर चढत तपासतो, म्हणून तीनदा चक्कर.

पार्टनरचं प्रकरण जास्त मजेशीर, आणि खरं अपग्रेडचं तेच. त्याच्या ओळीत होतं की 'एसएसएच-आरएसए' हा प्रकार आता मान्य नाही. काका म्हणाले, "किल्ली जुनी झाली, नवीन बनव." इथं बहुतेकजण फसतात. आरएसए किल्लीत काही वाईट नव्हतं. तिनं सही करताना वापरली जाणारी शा-१ ही पद्धत बाद झाली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या लोकांनी एकच शा-१ ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या. त्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ पासून शा-१ ची सही आपोआप नाकारली जाऊ लागली. उबुंटू २०.०४ मध्ये ८.२ होतं, २२.०४ मध्ये ८.९ आलं. म्हणजे सुट्टीच्या आधी चालणारी सही सुट्टीनंतर चालेना.

तीच आरएसए किल्ली शा-२ नं सही करू शकते, फक्त सही करणारा प्रोग्राम नवा हवा. गोंधळ असा की किल्लीच्या फाइलवर सुरुवातीला 'एसएसएच-आरएसए' असंच लिहिलेलं राहतं आणि माणूस किल्लीलाच दोष देतो. पार्टनरची पुट्टी सीनियरकडून पेनड्राइव्हवर आलेली, किती वर्षं जुनी ते देव जाणे. शा-२ ची सही पुट्टीत ०.७५ पासून, म्हणजे मे २०२१ पासून आली. नवी पुट्टी उतरवली, किल्ली तीच ठेवली, गडी आत!

दुसरा एक सोपा रस्ताही होता. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकून जुनी सही परत चालू करता येते, आणि नेटवर शोधलं की तीच ओळ आधी सापडते. एका लॅपटॉपसाठी सगळ्या सर्व्हरची कडी सैल करणं मला पटत नाही. जुना स्विच वगैरे असेल, ज्याचं सॉफ्टवेअर बदलताच येत नाही, तर आपल्या बाजूनं फक्त त्या एका पत्त्यापुरती सूट द्यावी.

उलटही होतं. लॅपटॉप नवा आणि सर्व्हर खूप जुना असेल, तर एसएसएचला व्ही हा पर्याय जोडून चालवा. त्यात 'नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम' दिसलं, तर भांडण सहीचंच आहे.

लॅपटॉप फॉरमॅट करणाऱ्यांनो, किल्ली पेनड्राइव्हवर ठेवता ना? फॅट-३२ मध्ये लिनक्सच्या परमिशन टिकत नाहीत. परत कॉपी केली की खासगी किल्ली सगळ्यांना वाचता येते, आणि मग तुमचंच एसएसएच ती वापरायला नकार देतं. हे मात्र ते मोठ्या अक्षरांत ओरडून सांगतं. ६०० द्या, झालं.

आणि सर्व्हर हाताळणाऱ्या मंडळींना एक विनंती. एसएसएचची सेटिंग बदलताना आधीची खिडकी उघडीच ठेवा, आणि नव्या खिडकीतून आत जाता आलं तरच जुनी बंद करा. सर्व्हिस रिस्टार्ट केली तरी चालू असलेली खिडकी तुटत नाही. उबुंटूचा अपग्रेड प्रोग्रामसुद्धा एसएसएचवरून चालवला तर आधी १०२२ पोर्टवर एक जादा दार उघडून ठेवतो.

आमचा रिव्ह्यू सव्वादहाला सुरू झाला. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "बॅकअप कुठे आहे?"