दंड तिजोरीत, भुर्दंड ग्राहकाच्या माथी

गेल्या पावसाळ्यात अंबरनाथच्या एका बुद्धविहारात आम्ही विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यासाठी बसलो होतो. बदलापूरहून घरकाम करणारी एक भगिनी आपल्या मुलीला घेऊन आली. महाडीबीटीवर चढवण्यासाठी जातीच्या दाखल्याचा फोटो काढायचा होता. फोन सांगू लागला, जागा शिल्लक नाही. मुलीने गाणी पुसली, मैत्रिणींचे फोटो पुसले, शेवटी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा व्हिडिओही पुसला. पण फोन घेतला त्या दिवसापासून आत ठाण मांडून बसलेली, तिने एकदाही न उघडलेली अ‍ॅप काही जागची हलेनात. "उल्हासनगरला कॅम्पात दाखवला होता," आई म्हणाली, "दुकानदार म्हणतो ताई, ती निघत नाहीत, मेमरी कार्ड टाका." फोनचा हप्ता ती भरते, कार्डही तिनेच घ्यायचे, आत कोण राहणार हे मात्र दुसराच ठरवणार!

या मनमानीला कायद्याच्या भाषेत वर्चस्वाचा दुरुपयोग म्हणतात. आमच्या चळवळीत संविधानाच्या कलम १५, १६, १७ वर रात्रभर बोलणारे कार्यकर्ते आहेत. ३९ वर गाडी आली की सभेत चहा येतो. वास्तविक ३९ (ग) राज्यसंस्थेला बजावते की संपत्ती आणि उत्पादनाची साधने सर्वांना अपायकारक होतील अशी मूठभरांच्या हाती एकवटू देऊ नका. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली होती. सरकारने अंग काढून घेतले की गरीब स्वतंत्र होत नाही, तो खासगी मालकाच्या हुकुमाखाली जातो, हा त्यांचा इशारा होता. १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा आला तो ३९ (ग) च्याच बळावर. त्याच्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा आला आणि २००९ पासून त्याची खरी अंमलबजावणी सुरू झाली. नव्या कायद्यात मोठे असणे हा गुन्हा नाही. मोठेपणाचा गैरवापर हा कलम ४ खाली गुन्हा ठरतो.

आता अँड्रॉइडचे प्रकरण पाहा. तिघा तरुणांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये गूगलची चौकशी लावली. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवे असेल तर सर्च, क्रोम, यूट्यूब आदींचा अख्खा संच आधीच भरावा लागतो, हा मुख्य आक्षेप. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि निर्देश दिले. त्यातला एक असा की, आधीपासून भरलेली अ‍ॅप ग्राहकाला काढून टाकता आली पाहिजेत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. मग कंपनीने भारतात काही नियम सैल केले. फोन बनवणाऱ्यांना सुटी अ‍ॅप घेण्याची मुभा दिली. परंतु २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवून चार निर्देश रद्द केले, आणि अ‍ॅप काढण्याचा निर्देश नेमका त्या चारांतला! अशी काही अ‍ॅप 'बंद' करता येतात, हे खरे. पण मूळ अ‍ॅप फोनच्या पोटातच राहते. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

काही विद्वान म्हणतात, अँड्रॉइड फुकट आहे म्हणून तर गरिबाला स्वस्त फोन मिळाला, तक्रार कसली? स्वस्त फोन मिळाला हे आम्हालाही मान्य आहे. पण पर्याय नसलेल्या बाजारात फुकटाची किंमत माहितीने चुकवावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये नवे धोरण आणले: स्वीकारा, नाहीतर चालते व्हा. आमच्या विहार समित्या, महिला मंडळे, मोर्चाचे निरोप, सारे त्यावरच. जाणार कुठे? नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. जाहिरातींसाठी ग्राहकांची माहिती मेटाच्याच इतर कंपन्यांना देण्यास घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने उठवली.

हा दंड जातो कुठे, हेही माहीत असू द्या. कलम ४७ प्रमाणे तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. बदलापूरच्या त्या भगिनीला मेमरी कार्डाचे पैसे कोणी देत नाही. नुकसानभरपाईची वाट कलम ५३-एन मध्ये आहे, पण ती दिल्लीच्या न्यायाधिकरणाकडे जाते. कार्डाच्या किमतीसाठी दिल्ली कोण गाठणार? मात्र त्याच कलमात सारख्याच नुकसानीच्या अनेक लोकांच्या वतीने एक-दोघांना अर्ज करण्याची सोय आहे, आणि कलम १९ खाली कोणीही व्यक्ती, ग्राहक किंवा त्यांची संघटना आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. मालकांच्या संघटना ही कलमे पाठ करून बसल्या आहेत. आमच्याकडे जयंती समित्या गल्लोगल्ली; ग्राहक संघटना औषधालाही नाही.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील वकील मित्रांना आम्ही सुचवले आहे की दर रविवारी विहारात एक वही ठेवावी: फोन कोणता, केव्हा घेतला, कोणती अ‍ॅप निघत नाहीत, त्यापायी खर्च किती झाला. पावती असल्यास तिची प्रत जोडावी. पहिली नोंद त्या मुलीने स्वतःच्या हाताने केली. तिचा अर्ज त्या दिवशी आम्ही आमच्या फोनवरून भरला.