मनीऑर्डर येईपर्यंत घर कोण चालवत होतं?

रत्नागिरी म्हटलं की मुंबईचा चाकरमानी, त्याची मनीऑर्डर आणि मे महिन्यातला हापूस एवढंच पटकन डोळ्यांपुढे येतं. या चित्रात बाई दिसलीच तर दारात वाट पाहत उभी असते. प्रत्यक्षात ती लावणीच्या चिखलात, ओहोटीच्या खडपात नाहीतर बंदरावरच्या लिलावात असते. तिच्या कामाबद्दलच्या गैरसमजांमुळे तिचा रोकडा तोटा होतो. कर्ज, विमा, नुकसानभरपाई हे सगळं कागदावरच्या नावाला मिळतं, आणि त्या कागदावर बहुतेक वेळा तिचं नाव नसतं.

‘इथे बायका जास्त, म्हणजे बायकांना मान जास्त’

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं. हा आकडा भाषणांतून अभिमानाने सांगितला जातो. पण तो स्थलांतराचा आकडा आहे. कामाच्या वयाचे पुरुष मुंबई-ठाण्याला गेले, म्हणून गावातल्या मोजणीत बायका जास्त भरल्या. १९९१ साली हे प्रमाण १२०५ होतं, २००१ साली ११३६. पुढे बायका-मुलंही शहराकडे जाऊ लागली, तसं ते उतरत गेलं. सहा वर्षांखालच्या मुलांची मोजणी पाहिली तर याच जिल्ह्यात मुलांपेक्षा मुली कमी आहेत. मान मोजायचा असेल तर तो या दुसऱ्या आकड्यावरून मोजावा.

‘जिल्हा मनीऑर्डरवर जगला’

मनीऑर्डरीने कपडालत्ता झाला, मुलांची फी भरली, सावकाराचं देणं फिटलं. घरचा भात मात्र शेतातून आला. घरचा पुरुष मुंबईच्या कापडगिरणीत असताना नांगराला पैऱ्यावर, म्हणजे कामाच्या बदल्यात काम देऊन, जोत मिळवायचं, तरवा काढायचा, मुठी बांधायच्या, भर पावसात वाकून लावणी करायची, वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, नाचणी घ्यायची, गुरं आणि सासूसासरे सांभाळायचे, हे सगळं बाईने केलं. गिरणीमालकाला हा कामगार स्वस्तात परवडला, कारण त्याच्या बिऱ्हाडाचं पोट गावाकडे भरत होतं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबले, तेव्हा कितीतरी कामगार गावी परतले. त्यांना दोन वेळचं जेवायला घालणारी शेती तोवर बायकांनीच कसत ठेवलेली होती.

मुंबईतही हा कामगार बायकांच्याच हातचं जेवत होता. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या पुरुषांसाठी घरोघरी खाणावळी चालत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

मग एवढं काम मोजणीत का येत नाही? जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे घरच्या शेतीतलं बिनमजुरीचं कामही कामच आहे. पण वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी काम केलं तर ती व्यक्ती ‘सीमांत’ कामकरी ठरते. इथली शेती मुख्यतः एका पिकाची, त्यामुळे भात घरात आला की कागदावर तिचं कामही संपतं. त्यातून माहिती सांगायला बहुधा कर्ता पुरुष पुढे होतो आणि ‘ती घरीच असते’ म्हणून मोकळा होतो. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्याला रोज सरासरी २८९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ८८, असं दिसलं. ही देशाची सरासरी झाली. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये विहिरी आटणाऱ्या जांभ्या दगडाच्या मुलखात पाण्याच्या खेपा वाढतात, त्या वेगळ्याच.

‘मासेमारी हा पुरुषांचा धंदा, बायका फक्त विकतात’

या वाक्यातला ‘फक्त’ हा शब्द मला फार खटकतो. हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव चालू असताना थोडा वेळ उभं राहिलं तरी कळतं की होडीतून उतरलेल्या मासळीचं पैशात रूपांतर तिथे होतं, आणि ते करणाऱ्यांत बायका पुढे असतात. समोरच्या ढिगात किती माल निघेल, बर्फ किती लागेल, दापोलीच्या बाजारात आज काय भाव फुटेल, हा सगळा हिशेब काही क्षणांत करून बोली लावायची. माल अनेकदा उधारीवर उचललेला असतो. संध्याकाळपर्यंत विकला गेला नाही तर बुडणारा पैसा तिचा. ज्या धंद्यात जोखीम आहे, भांडवल आहे, भावाचा अंदाज आहे, त्याला आपण इतर ठिकाणी व्यापार म्हणतो.

सुकवणं हेही तिचंच काम. जवळा, मांदेली, बांगडा धुवायचा, गरजेप्रमाणे मिठात घालायचा, पसरायचा, उलटायचा, कावळ्या-कुत्र्यांपासून राखायचा, दव पडायच्या आत उचलायचा. कोळंबी सोलून तिचे सोडे करायला तर दिवसच्या दिवस जातात. जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात चूल पेटते ती बरीचशी या सुक्या मासळीवर. अवेळी पावसाची एक सर आली की पसरलेला सगळा माल नासतो. पण नौका आणि जाळ्यांचे पंचनामे होतात तसा ओट्यावर सडलेल्या जवळ्याचा पंचनामा सहसा होत नाही.

खाडीकाठच्या गावांत होडीशिवायही मासेमारी चालते. ओहोटीला बायका खडपांवरची कालवं काढतात, चिखलातल्या तिसऱ्या वेचतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किती मागे हटतं आणि अष्टमीच्या भांगाला कुठवर राहतं, हे त्यांना तिथीवरून कळतं. या शिंपल्या बहुतेक घरच्या कालवणात जातात किंवा वाट्यांनी दारोदार विकल्या जातात, म्हणून बंदरावरच्या नोंदीत त्या येतच नाहीत.

‘बचत गट म्हणजे पापड-लोणची’

पापड-लोणच्यात कमीपणा नाहीच. आमसूल करून बघावं: रातांब्याची सालं मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून सुकवायची, तीही पाऊस यायच्या आत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे परसदारी हे काम पिढ्यान्पिढ्या करत आलेल्या बायका आहेत. पण गटाचं खरं बळ कर्जात आहे. बँक तारण मागते आणि बाईच्या नावावर जमीन नसते. १९९२ साली नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा गटाची एकमेकींवरची जबाबदारी हीच तारणाच्या जागी आली. लिलावाचं भांडवल, मुलीच्या कॉलेजचा प्रवेश, दवाखान्याचं बिल यांसाठी तिला सावकाराकडे किंवा नवऱ्याकडे हात पसरावा लागला नाही, तो यामुळे.

बायकांच्या सार्वजनिक कामाचीही इथे जुनी परंपरा आहे. इंदिराबाई हळबे, सगळ्यांच्या मावशी हळबे, यांनी १९५४ साली देवरुखला दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं. त्यातून मातृमंदिर ही संस्था उभी राहिली आणि अनाथ मुलांचं घरही झालं.

‘लग्न झालेल्या मुलीचा जमिनीवर हक्क नाही’

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. हिंदू कुटुंबात मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच वाटेकरी आहे. तिचं लग्न झालंय की नाही याचा संबंध नाही. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ सालीच केली होती, मात्र तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५पासूनच्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेली वाटणी उकरून काढता येत नाही. मुस्लिम कुटुंबांत वेगळा कायदा लागू होतो. त्यातही मुलीला आणि पत्नीला ठरलेला हिस्सा आहे.

नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोयही राज्यात १९९२पासून ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून आहे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने हा विषय लावून धरला होता. तरी आपल्याकडे सातबारा अजून सामाईकच. त्यावर आजोबा, चुलते, मुंबईतले पुतणे, अशी डझनावारी नावं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या बागा झोपल्या, तेव्हा भरपाई सातबारा पाहून दिली गेली. बाग राखणाऱ्या पण खातेदार नसलेल्या बाईला इतरांच्या संमतीवाचून काही हाती येणं अवघड होतं.

म्हणून बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं. नोंदणी झाल्यावर ते सहजासहजी फिरत नाही. घरात मृत्यू झाल्यावर वारस नोंदीत बायको, मुलगे आणि मुली, सगळ्यांची नावं आहेत ना, ते पाहावं. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. हरकत लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.