शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत एक नवी मुलगी

आज ज्या चित्रपटाविषयी बोलायचं आहे, तो काही फार चांगला चित्रपट नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. 'स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स' हा ॲनिमेशनपट १५ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेत लागला आणि समीक्षकांनी त्याला चांगलाच झोडपला. पण त्यात पहिल्यांदा दिसलेली एक चौदा वर्षांची मुलगी, असोका टानो, पुढे या विश्वातल्या सर्वांत लाडक्या पात्रांपैकी एक झाली. असल्या चित्रपटातून हे झालं कसं, ते बघू या.

आधी थोडा हिशेब. मूळ चित्रपटमालिकेचा दुसरा भाग २००२ साली आला. त्याच्या शेवटी क्लोन युद्ध सुरू होतं. २००५ च्या तिसऱ्या भागात ते संपतं, आणि त्यातच अनाकिन स्कायवॉकर हा जेडाय योद्धा डार्थ व्हेडर होतो. मधली, कथेतली तीन वर्षं चित्रपटांनी मोकळीच सोडली होती. ती भरण्यासाठी जॉर्ज ल्युकस यांनी टीव्हीची मालिका हाती घेतली आणि दिग्दर्शन डेव्ह फिलोनी यांच्याकडे दिलं. सुरुवातीचं काम मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर ल्युकस यांच्या मनात आलं, याचाच चित्रपट करू या! म्हणजे हा चित्रपट म्हणून लिहिलेलाच नव्हता. टीव्हीचे भाग एकमेकांना जोडून तो उभा केला. खर्च सुमारे ८५ लाख डॉलर, जगभरातली कमाई सुमारे ६.८ कोटी. धंदा म्हणून वाईट नाही.

पण सांधे दिसतात. टीव्हीचा एक भाग साधारण बावीस मिनिटांचा. तेवढ्यात त्याला चढायचं असतं, टोक गाठायचं असतं आणि उतरायचं असतं. असे भाग सलग लावले की चढण, उतार, पुन्हा चढण असं होतं. ख्रिस्टॉफसिस ग्रहावरची लढाई संपते, तर लगेच टेथच्या उभ्या कड्यावर दुसरी सुरू. ती आटोपते न आटोपते तोच टॅटूइनचं वाळवंट. प्रत्येक लढाई सुटी बघितली तर ठीक आहे, पण तिन्ही एका बैठकीत बघताना माणूस दमतो. पद्मे तर चित्रपट बराच पुढे सरकल्यावर उगवते.

चेहऱ्यांबद्दलही तक्रार झाली : लाकडात कोरल्यासारखे दिसतात म्हणून. ते मात्र ठरवून केलेलं होतं. ब्रिटिश बाहुल्यांची 'थंडरबर्ड्स' मालिका त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मला स्वतःला ते चेहरे आवडतात, पण इथे मतभेद होणार. (मागे कुणीतरी मान हलवतंय, दिसलं मला.)

कथा साधी आहे. गुन्हेगारांचा सरदार जब्बा द हट याच्या पोराला पळवलं जातं. आकाशगंगेच्या कडेचे व्यापारी मार्ग जब्बाच्या हातात, आणि सैन्य न्यायला प्रजासत्ताकाला ते हवेत. म्हणून पोराला सोडवायचं काम अनाकिनवर येतं. कट असतो काउंट डूकूचा. अपहरणाचा आळ जेडायांवर घालायचा, की जब्बा आपल्या बाजूला. युद्धात रस्ता कुणाच्या ताब्यात आहे यावर किती अडतं, हे ल्युकस यांना नेमकं कळतं.

आता असोका. योडा तिला अनाकिनची शिष्या म्हणून पाठवतात. त्याला शिष्य नकोच असतो. ती चुरूचुरू बोलते, उलट उत्तरं देते, आणि २००८ मध्ये अनेक चाहत्यांना ती डोक्यात गेली. पण कथेच्या बांधणीत तिच्या येण्यानं काय झालं, ते बघा.

कीर्तनाला बसलेल्या माणसाला अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे ठाऊक असतंच. म्हणून काही तो उठून जात नाही. अनाकिनचं तसंच. तो व्हेडर होणार, ओबी-वान वाचणार, हे आपल्याला माहीत आहे. तलवार त्यांच्या गळ्याशी आली तरी आपण निवांत. असोकाचं मात्र काहीच माहीत नाही. २००५ च्या चित्रपटात ती नाही, तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही. मग ही पोर गेली कुठे? मेली? की गुरूनंच मारली? ज्या गोष्टीत धाकधूक उरली नव्हती, तिथे एका पात्रानं ती परत आणली.

हा प्रश्न दीड तासाच्या चित्रपटात सुटणारा नव्हता. ऑक्टोबर २००८ पासून मालिका सुरू झाली आणि तिनं तो वर्षानुवर्षं ताणला. २०१३ मध्ये असोकावर जेडाय मंदिरातल्या बॉम्बस्फोटाचा खोटा आळ येतो आणि तिचेच वडीलधारे तिला बाहेर काढतात. निर्दोष ठरल्यावर परत बोलावतात. ती नाही म्हणते आणि पायऱ्या उतरून जाते. हे पाहिल्यावर २००५ चा चित्रपट पुन्हा बघा. अनाकिनचा जेडाय मंडळावरचा राग तिथे थोडा अचानक वाटायचा. आता वाटत नाही.

मालिका २०२० मध्ये संपली. तिचे शेवटचे भाग त्या २००५ च्या चित्रपटातल्या घटनांच्या बरोबरीनं, त्याच दिवसांत घडतात. असोका जिवंत सुटते. अगदी शेवटच्या दृश्यात ती नाहीच. बर्फात क्लोन सैनिकांच्या कबरी आहेत, तिथे व्हेडर येतो, तिची तलवार उचलतो, पेटवून बघतो आणि एक शब्दही न बोलता ती घेऊन निघून जातो.